टीव्ही रुंद, चित्र तेवढंच

माझ्या बायकोचं, मालनचं, हलतं चित्र जगात एकाच ठिकाणी आहे, आमच्या लेकीच्या, शैलाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. त्या चित्रात ती खरी कशी दिसते, हे छातीठोक सांगेल असा माणूस मला एकच माहीत होता. त्याला मी चार माणसांत खोटारडा म्हटलं आणि वर त्याची नोकरी घालवली. मालन गेल्यावर मला त्याची गरज लागली. आधीच सांगून टाकतो, पुढं वाचताना कुणी मला भला समजू नये.

त्याचं आडनाव घाग. कोपरखैरण्यात आमच्याच ओळीत, आमच्यापासून तिसऱ्या दारात राहायचा. एकटाच. नावानं त्याला कुणी हाक मारत नसे, सगळे ऑपरेटर म्हणायचे, कारण मुंबईत एका थेटरात मशिनीच्या खोलीत उभं राहून त्यानं सत्तावीस वर्षं सिनेमा चालवला होता. थेटर पाडलं, तिथं दुकानं झाली, आणि हा खाडी ओलांडून इकडं आला. आम्ही तरी काय हौसेनं आलेलो? मार्केट इकडं आलं म्हणून आम्ही हमाल मागनं आलो. मी कांदा-बटाट्याच्या गोणी वाहायचो. शिक्षण चौथी. त्याचं किती होतं ठाऊक नाही, पण बोलायचा मोजकं आणि जे बोलायचा ते टोचायचं.

अंगानं वाळका, पाठीत वाकलेला. मशिनीतल्या कार्बनच्या जळत्या कांड्यांच्या उजेडाकडं बघून बघून डोळे कायमचे लाल. नवीन माणसाला वाटायचं, हा पिऊन आलाय. दारूच्या थेंबाला शिवत नसे. टीव्ही बघताना तो कधी खाली बसला नाही. कुणाच्याही घरी गेला तरी मागच्या भिंतीला एक हात लावून उभा. सिनेमा चालू असला की मधूनच त्याची नजर पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात जायची आणि हात आपोआप पुढं यायचा, मग ओशाळून खिशात जायचा. एकदा मी विचारलं, हे काय. तर म्हणाला, रीळ संपत आलं की त्या कोपऱ्यात एक गोल ठिपका येतो, तो दिसला की दुसरी मशीन सुरू करायची. ठिपका डोळा मिटायच्या आत जातो. बघणाऱ्याला आयुष्यभर दिसत नाही, आणि ऑपरेटरला आयुष्यभर दुसरं काही दिसत नाही.

त्याच्या पाकिटात देवाचा फोटो नव्हता, फिल्मचा एक तुकडा होता. उजेडाला धरून दाखवायचा. त्यात एक बाई आणि एक बुवा, दोघंही बांबूसारखी लांब आणि चिंचोळी. मोठ्या पडद्याचा सिनेमा फिल्मवर असाच दाबून बसवलेला असतो, तो सांगायचा, आणि मशिनीपुढं एक जाड लेन्स लावली की माणसं पुन्हा आपल्या मापाची होतात. एकदा हाताखालचा माणूस ती लेन्स लावायला विसरला. पडद्यावर सगळी बांबूची माणसं. लोक शिट्ट्या मारत होते, हसत होते, कुणी उठून गेलं नाही. घागाला राग लेन्स विसरणाऱ्याचा नव्हता. लोकांना ते चालत होतं, ह्याचा होता. त्यानं खेळ बंद केला, दिवे लावले, लेन्स चढवली आणि पहिल्यापासून रीळ लावलं. मालकानं त्याचा आठवड्याचा पगार कापला. हे सांगताना तो हसायचा, आणि ते हसू बघवत नसे.

नव्वद सालानंतर आमच्या ओळीत केबल आली. रोज सिनेमा. काही सिनेमांना वर-खाली काळ्या पट्ट्या यायच्या आणि मधे चित्र. लोकांनी डोकं लावलं, की केबलवाला अर्धं चित्र खातो. समोर राहणारा कदम कारकून होता, पोर्टाच्या कुठल्याशा हापिसात. त्याला अर्ज लिहायची भारी हौस. त्यानं अर्ज केला, चाळीस सह्या घेतल्या, त्यात एक अंगठा माझा, सही येत असून. पाटीएवढं चित्र दाखवून महिन्याचे पूर्ण पैसे कसे घेतो, अशा थाटात सगळे केबलवाल्याच्या टपरीवर गेलो. घागाला वाटेत गाठून म्हणालो, तू जाणकार, तू पुढं हो. त्यानं आमच्याकडं असं बघितलं, जसं आम्ही गोणीत कांदे सोडून दगड भरतोय.

"चित्र पुरं हाय म्हनून पट्ट्या हायत," तो म्हणाला. "पट्ट्या काढायच्या असतील तर हिरॉइन पन काढावी लागेल. चालेल?"

कुणाला कळलं नाही. केबलवाल्याला मात्र भांडण मिटवायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं चित्र फुगवून काच भरून टाकली. आम्ही खूष. त्याच रात्री जेवणं उरकल्यावर एक गाणं लागलं, त्यात तळ्याच्या एका काठावर नायक आणि दुसऱ्या काठावर नायिका. आमच्या काचेत दोघांच्या मधलं नुसतं तळं. नायकाचा एक खांदा दिसायचा आणि पलीकडून बांगड्यांचा एक हात. मालन म्हणाली, ही दोघं भांडलीत काय? घाग भिंतीला हात लावून उभा होता. कदम म्हणाला, पण आता चित्र कसं भरून दिसतंय.

घाग टीव्ही दुरुस्त करायला शिकला होता, पोटासाठी. वाशीला एका मोठ्या दुकानात त्याला नोकरी होती, टीव्ही पोचवायचे आणि लावून द्यायचे. दशक संपत आलं तेव्हा त्या दुकानात रुंद टीव्ही आले. नेहमीच्या टीव्हीची काच चार हात रुंद धरली तर तीन हात उंच. हा नवा सोळा आणि नऊ. लोक बाहेर थांबून काचेतून बघायचे. घागाचं दुखणं तिथं सुरू झालं. टीव्ही रुंद, पण आत येणारं चित्र जुन्याच मापाचं. शेठनं सगळे टीव्ही चित्र ताणून लावलेले, कडेपासून कडेपर्यंत. बातम्या देणारी बाई पुरीसारखी फुगलेली. हा सकाळी गेला की एकेक टीव्ही नीट करायचा, म्हणजे चित्र मधे आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. शेठ आला की तो पुन्हा ताणायचा. हे रोज.

मला त्यानं एकदा समजावलं होतं. म्हणाला, साळुंखे, खाट रुंद आहे आणि गोधडी लहान आहे, तर काय काय करता येईल? एक, गोधडी मधे घालायची, बाजू उघड्या ठेवायच्या. दोन, दोघांनी दोन बाजूंनी ओढायची, मग तिच्यावरची फुलं आडवी होतात. तीन, चारही बाजूंनी ताणून मोठी करायची आणि वर-खाली उरलेलं दुमडायचं, मग चित्रातली डोकी आणि पाय गेले. चौथी तऱ्हा सगळ्यात हलकट, मधलं तसंच ठेवायचं आणि फक्त कडा ओढायच्या, म्हणजे कुणाच्या लक्षात येत नाही. गोधडी काही वाढत नाही. सिनेमा मोठ्या मापाचा असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ही खाट कामाची. चित्र कुठल्या मापात काढलंय ते आधी बघायचं, मग बटण दाबायचं. चित्रात सायकलचं चाक शोधायचं. चाक गोल तर चित्र खरं.

मी हो हो म्हणालो. डोक्यात काही ठेवलं नाही.

शेठनं त्याला एकदा दुकानात सगळ्यांसमोरच सांगितलं, ते त्यानंच मला सांगितलं, त्याला ते फार लागलं होतं. एक बाई म्हणाल्या, एवढा मोठा टीव्ही आणि बाजूला काळं का? हा म्हणाला, बाई, टीव्ही रुंद आहे, चित्र नाही. बाई निघून गेल्या. शेठ म्हणाला, "ऑपरेटर, गिऱ्हाईक चित्र घेत नाही, काच घेतं. पुढच्या वेळी तक्रार आली तर घरी बस." घागानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळ्या टीव्हींना पट्ट्या.

मालनला तेव्हा पोटाचं दुखणं लागून वर्ष होत आलं होतं. अन्न जात नव्हतं. हातातला चुडा कोपरापर्यंत सरकायचा. मी तिच्याकडं बघायचं टाळायचो, हे लिहायला मला लाज वाटते पण खरं आहे. मार्केटात दोन पाळ्या करायचो, घरी आलो की भिंतीकडं तोंड करून झोपायचो. थोरला मस्कतला होता. तो रजेवर आला, आईला बघून दोन दिवस रडला आणि तिसऱ्या दिवशी वाशीला जाऊन रुंद टीव्ही घेतला. आईचं मन रमेल म्हणाला. पोरांना वाटतं वस्तू आणली की झालं. आठ दिवसांनी तो गेलाही.

टीव्ही पोचवायला घागच आला. अख्खी ओळ दारात जमलेली. कदम पुढच्या खुर्चीवर. मालनला उशीला टेकवून बसवलं. म्हटलं, शैलाच्या लग्नाची कॅसेट लाव, पहिलं चित्र घरचं होऊ दे. घागानं कॅसेट घातली, रिमोट हातात घेतला, दोन-तीन बटणं दाबली आणि मागं जाऊन भिंतीला हात लावून उभा राहिला. चित्र आलं. मधे मांडव, आणि दोन्ही बाजूंना वीतभर काळं.

कदम म्हणाला, साळुंखे, पोरानं अर्धाच टीव्ही पाठवला का?

लोक हसले. माझं डोकं सटकलं. घाग म्हणाला, चित्र बरोबर आहे, कॅसेट जुन्या मापाची आहे. मी म्हणालो, बरोबर तुझ्या घरी. दुकानात भरून दिसतो तो आमच्याकडं येऊन अर्धा कसा होतो? हमालाच्या घरात एवढा टीव्ही आला हे तुला बघवत नाही. स्वतःच्या खोलीत एक डबडा नाही, दुसऱ्याच्या घरात येऊन काळं लावतोस. खोटारडा आहेस तू. आणखीही बोललो. त्याच्या लाल डोळ्यांवरून बोललो. त्याला बायको नाही त्यावरून बोललो. ओळीतली बायामाणसं दारात होती.

त्यानं रिमोट टीव्हीवर ठेवला आणि पिशवी उचलली. तेवढ्यात मालन उठली. भिंत धरत धरत स्वयंपाकघराकडं गेली आणि म्हणाली, भाऊ, चहा घेतल्याबिगर जायचं नाही. तो आत गेला. कपबशीचा आवाज आला, बाकी काही ऐकू आलं नाही. मी बाहेर कदमाला सांगत होतो की अशा माणसांना वेळीच दाखवावं लागतं.

घाग बाहेर आला. कुणाकडं न बघता रिमोट घेतला, एक बटण दाबलं. चित्र कडेपासून कडेपर्यंत भरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि कॅसेटमधली मालन आली, औक्षणाचं ताट घेऊन. गोल तोंडाची, भरल्या दंडांची. अंथरुणावरची मालन ते बघून हसली. कितीतरी महिन्यांनी मी ते हसू बघितलं. ती म्हणाली, "बघा की, केवढी दिसते मी." आणि चित्राकडं न बघता माझ्याकडं बघत राहिली. मी चित्राकडं बघत होतो. चित्रातल्या मालनकडं बघायला मला भीती वाटत नव्हती.

मला वाटलं, मी ओरडलो म्हणून ऑपरेटर वठणीवर आला. तरी माझं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी वाशीला जाऊन शेठला सांगितलं, तुमचा माणूस गिऱ्हाइकाला फसवतो, अर्धं चित्र लावून जातो. शेठ जणू वाटच बघत होता. त्याच संध्याकाळी घागाची नोकरी गेली. महिन्याभरात त्यानं खोलीही सोडली. जाताना सगळ्यांच्या दारात जाऊन निरोप घेतला, आमच्याही. मी मार्केटात होतो. मालन त्याच्याशी बोलली म्हणे. काय बोलली मी विचारलं नाही, आणि त्यानंतर ती चार महिने होती.

त्या चार महिन्यांत ती कॅसेट मी रोज लावली. ती अंथरुणात वाळत होती आणि मी काचेतल्या भरलेल्या मालनकडं बघत जेवायचो. माझ्याच्यानं दुसरं काही झालं नाही.

ती गेली. दिवस झाले, पाहुणे गेले. एके दुपारी कॅसेट लावली आणि रिमोट हातातून पडला. उचलताना कुठलंसं बटण दाबलं गेलं असावं. मालन औक्षणाचं ताट घेऊन काचेच्या डाव्या कडेनं आली, रुंद, भरलेली, आणि मधे नवरदेवाकडं चालायला लागली. एकेका पावलाला बारीक होत गेली. दंड उतरले, तोंड उतरलं, मधे पोचेपर्यंत निम्मी झाली. जे व्हायला सव्वा वर्ष लागलं, ते माझ्या डोळ्यांसमोर पाच पावलांत झालं. मी टीव्हीची वायर भिंतीतून उपटली.

मग कळलं, हीच ती चौथी तऱ्हा. पुन्हा टीव्ही लावून एकेक बटण दाबून बघितलं. एकात ती जाडी. एकात कपाळ नाही, कुंकू काचेच्या बाहेर. एकात दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आणि मधे एक वाळकी बाई, मला ती आजारीच वाटली. घागानं पहिल्यांदा लावलेलं हेच, एवढं आठवत होतं. पण लग्नात माझी बायको अशी नव्हती असं मन म्हणायचं, आणि मग कशी होती म्हटलं तर काचेतली जाडी बाई पुढं यायची. सायकलचं चाक शोधलं. मांडवात सायकल कुठली? ताट होतं, पण तिरकं धरलेलं, ते कसंही अंड्यासारखंच दिसणार. शैलाला विचारलं तर ती म्हणाली, आबा, आई आईसारखी दिसते, त्यात काय. कदमाला विचारायची सोय नव्हती. त्याला भरलेलंच आवडतं.

कदमानंच पत्ता मात्र दिला. जासईला कंटेनरच्या यार्डात गेटवर ऑपरेटर दिसला म्हणाला. मी एक खाडा केला आणि गेलो. बसनं फाट्यापर्यंत, पुढं एका ट्रेलरवाल्याशेजारी बसून. दुपारचं ऊन, धूळ, घरांएवढे डबे एकावर एक रचलेले. गेटपाशी पत्र्याच्या आडोशाला घाग बसला होता, हातात वही. येणाऱ्या डब्यांचे नंबर लिहून घ्यायचं काम. आणखी वाळला होता. मला बघून उठला नाही.

"साळुंखे. टीव्ही बिघडला?"

मी म्हणालो, मालन गेली. तो म्हणाला, कळलं. मग मी जमिनीकडं बघत सगळं सांगितलं. म्हणालो, झालं ते झालं, एकदा घरी ये, बटण दाबून दे आणि तुझ्या तोंडानं सांग की ही खरी.

त्यानं वही मिटली.

"तुमाला काय वाटलं, तुमच्या आवाजाला भिऊन मी ते बटन दाबलं?"

मी म्हणालो, हो, तसंच वाटलं.

"वहिनींनी चहा दिला आनि म्हनाल्या, भाऊ, ऱ्हाऊ द्या रुंद. हे माझ्याकडं बघत न्हाईत आता. त्यात तरी बघतील." तो म्हणाला. "सत्तावीस वर्षं थेटरात, पुढं दुकानात. खोटं चित्र मी एकदाच लावलं, साळुंखे. तुमच्या घरी. आनि नोकरी गेली ती अर्धं लावलं म्हनून."

तरी माझा हट्ट बघा. मी म्हणालो, मग आता तरी नीट करून दे.

"न्हाई. त्यांनी सांगितलंय तसं ऱ्हाईल."

मी म्हणालो, येऊ नकोस, पण इथंच सांग, त्या चारांतली माझी बायको कुठली? पट्ट्यांची का?

तेव्हा तो उठला. जवळ आला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"तेहेतीस वर्षं ती बाई तुमच्या घरात होती," तो म्हणाला. "केवढी होती, ते मला विचारताय?"

त्यानंतर तो मला भेटला नाही. वर्षभरानं गावी गेला असं कळलं, कोकणात, पुढचं माहीत नाही. कॅसेट कपाटात आहे. कुठल्या तऱ्हेनं लावायची ते ठरत नाही, म्हणून लावत नाही.

पण त्या दुपारी मी लगेच निघालो नाही. तिथंच उभा राहिलो, काहीतरी आणखी बोलेल म्हणून. आतून एक ट्रेलर आला. घाग त्याच्याकडं गेला, डोळे बारीक करून डब्यावरचा नंबर वाचला, वहीत लिहिला, मग आडवा दांडा वर करायला वळला आणि वाटेत मी. त्यानं माझ्याकडं बघितलं, कुणीही उभं असतं तर बघितलं असतं तसं.

"बाजूला व्हा," तो म्हणाला. "गाडी जाऊ द्या."